ऐकलं असेल तर नऊ दाबा

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या त्या रंगांच्या कारखान्यात बाहेरून कुणीही फोन केला की पहिला आवाज भावना उबाळेचा यायचा. "नमस्कार. बोला, कोण हवंय?" वर्षानुवर्षं तोच आवाज, तीच पट्टी. अहमदाबादचे दलाल, मुंबईचे व्यापारी, कामगारांच्या बायका, सगळ्यांना तो एकाच मापाने मिळायचा. तिला चिडलेलं कुणी ऐकलं नव्हतं, घाईत ऐकलं नव्हतं. नवीन अधिकारी रुजू झाला की पहिल्या आठवड्यात त्याला कुणीतरी सांगायचं, "आपल्या ऑपरेटर बाईंना दिसत नाही, बरं का." तो चकित व्हायचा, कारण तोवर तिने त्याला पावलांच्या आवाजावरून ओळखायला सुरुवात केलेली असायची.

भावना तान्ही असताना गोवर आला आणि जाताना डोळे घेऊन गेला. वडील किसन शहाडच्या गिरणीत, आई गयाबाई घरी. उल्हासनगर कॅम्प नंबर तीनमध्ये दोन खोल्या, खालच्या मजल्यावर जीन्स शिवायचा कारखाना. आंधळ्या पोरीला शिकवून काय करणार, असं शेजारणी गयाबाईला समजावून गेल्या. किसन ऐकायला तयार नव्हता. "बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं," तो म्हणाला, "डोळे असतील तरच शिका, असं कुठं म्हणालेत?" मुलगी मुंबईच्या अंधशाळेत राहिली, ब्रेल शिकली, पुढे टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स केला. तिथल्या बाईंनी एक गोष्ट तिच्याकडून घोटून घेतली होती. समोरचा कितीही घाबरलेला असो, आपला आवाज हलू द्यायचा नाही. ऑपरेटरचा आवाज हलला की फोनवरचा माणूस आणखी घाबरतो. भावनाने ते गाठीला बांधून ठेवलं, आणि त्याच आवाजावर तिला ही नोकरी मिळाली.

कारखान्याला लागणारं पाणी बदलापूरजवळ उल्हास नदीतून उचललं जायचं. काठावर पाणी खेचायची खोल विहीर, तिच्यावर पंपहाऊस, आणि त्या पंपहाऊसमध्ये दिनानाथ टिपणीस. दिनानाथ निवृत्तीला आलेला, बारीक आवाजाचा, बोलायची हौस असलेला माणूस. दिवसभर मोटारींच्या घरघरीत एकटा बसायचा, सोबतीला एक मदतनीस सोमा, आणि सोमा बोलायचा कमी. म्हणून दुपारी जेवण झालं की दिनानाथ कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर फोन करायचा. कुणाशी जोडून द्यायला सांगायचा नाही. भावनाशीच बोलायचा.

"आज नदी कशी आहे, काका?" ती विचारायची.

"आज कढीसारखी. घट्ट, आणि जरा फुटलेली." दुसऱ्या दिवशी म्हणायचा, "आज धुतलेल्या तांदळाचं पाणी." तिला रंग सांगून उपयोग नाही हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, त्याचं त्याला सुचलं होतं. एकदा रविवारी तो तिला नदीवर घेऊनही गेला. त्याची बायको वृंदा आणि मुलगी राजसी बरोबर होत्या. पायऱ्या उतरून राजसीने भावनाचा हात पाण्यात धरला, आणि पाण्याने बोटं ओढल्यावर भावना हसली. नंतर वृंदाकाकूंनी डब्यातली अळूवडी तिच्या हातावर ठेवली. त्या दिवसापासून ती त्यांच्या घरातलीच झाली.

पावसाळ्यात मात्र पंपहाऊसची झोप उडायची. वर कर्जतच्या डोंगरात पाऊस कोसळला की इथे ऊन असतानाही नदी फुगायची, आणि मोटारी वर उचलायच्या आत पाणी आत शिरायचं. दोन वर्षं लागोपाठ मोटारी बुडाल्यावर कारखान्यातला इन्स्ट्रुमेंट इंजिनियर उन्मेष याने २००२ साली एक तोड काढली. वांगणीच्या पुढे, नदीच्या वरच्या अंगाला, एका जुन्या पुलाजवळ त्याने पत्र्याची खोली बांधून घेतली. नदीत एक उभा पाइप, पाइपमध्ये तरंगता फ्लोट, आणि खोलीतल्या पेटीत त्या फ्लोटवरून पाण्याची पातळी दिवसरात्र नोंदवत राहणारं यंत्र. पेटीला टेलिफोनची लाइन जोडलेली, आणि लाइन आणि यंत्र यांच्यामध्ये एक मोडेम. या मोडेमला बोलता येत होतं. कारखान्यातल्या कॉम्प्युटरने तिथे फोन लावला तर तो किरकिर शिट्ट्या मारून सगळे आकडे ओतायचा. माणसाने लावला तर बोलून सांगायचा. आणि पातळी धोक्याच्या खुणेवर गेली तर कुणी विचारायची वाट न पाहता स्वतःच फोन करायचा, एक पंपहाऊसला, एक कारखान्याच्या बोर्डावर. ऐकणाऱ्याने नऊचं बटण दाबलं की त्याला कळायचं, निरोप पोचला. कुणी दाबलं नाही तर तो पुन्हा पुन्हा फोन करत राहायचा.

यंत्र परदेशातून आलं तेव्हा त्यात एका इंग्रज बाईचा आवाज होता. दिनानाथने पहिला फोन ऐकला आणि उन्मेषला विचारलं, "साहेब, ही बाई तोंडात सुपारी धरून काय सांगतेय?"

तेव्हा उन्मेष भावनाकडे आला. बैठकीच्या खोलीतला पंखा बंद करून, दारं लावून, त्याने तिच्यासमोर माइक ठेवला. इंग्रजीत पंचवीस-तीस शब्दांत सगळे आकडे बसतात, तसेच मराठीत बसतील असं त्याला वाटलं होतं. एकवीस, बावीस, तेवीस करत तो चाळिशीत पोचला आणि थांबला. प्रत्येक आकडा वेगळा, आणि चिपमध्ये जागा मोजकी. दोघं हसले. शेवटी एकेक अंक सुटा बोलायचा ठरला. शून्य ते नऊ, दशांश, मीटर. मग वाक्यं. "सुरुवात तुम्ही फोनवर करता तशीच करा," उन्मेष म्हणाला. "लोकांच्या कानाला सवय आहे." तिने म्हटलं, "नमस्कार. नदीची पातळी." थोडं थांबून, "धोक्याची खूण ओलांडली आहे." आणि शेवटी, "ऐकलं असेल तर नऊ दाबा." सगळं एका दमात, एका पट्टीत. दुसऱ्यांदा घ्यावंच लागलं नाही.

पहिल्यांदा त्या यंत्राचा फोन बोर्डावर आला तेव्हा भावना दचकली. आपल्याच दारात कुणी यावं आणि आपलंच नाव सांगावं, तसं वाटलं. पुढे सवय झाली. रोज सकाळी ती स्वतःच पुलाचा नंबर फिरवायची आणि आपल्याच तोंडून नदीचा निरोप ऐकायची. कोरड्या दिवसांतही ऐकायची. तिला न दिसलेली ती नदी आता तिला आकड्यांनी ओळखीची झाली होती. कोणत्या महिन्यात ती कुठवर येते, चढते कशी, उतरते कशी, हे तिच्या बोटांवर होतं.

यंत्राला एक खोड होती. नदीत जलपर्णी वाहत यायची, पाइपच्या तोंडाशी अडकायची, तिच्या दाबाने फ्लोट वर जाऊन तिथेच राहायचा. पाणी गुडघाभर असलं तरी यंत्र समजायचं की पूर आलाय. मग ते इमानाने पंपहाऊसला फोन करायचं. दिनानाथ दारात जाऊन बघायचा, नदी आपल्या जागी. परत यायचा, नऊ दाबायचा. असं एका पावसाळ्यात पुष्कळदा झालं. उन्मेषने पाइपला जाळी बसवली, ती गाळाने भरली. माणूस पाठवून साफ करून घेतली, पुन्हा भरली. दिनानाथ वैतागला नाही. "तुझी मशीनबाई आज सकाळपासून तीनदा येऊन गेली," तो भावनाला सांगायचा. "नमस्कार म्हणाली की मी नऊ दाबतो. पुढचं मला पाठ आहे." दोघं हसायचे. यात हसण्यासारखं काही नाही, हे तेव्हा दोघांच्याही मनात आलं नाही.

२००५ सालचा जुलै संपत आला होता. त्या मंगळवारी सकाळपासून पाऊस असा लागला होता की रिक्षाच्या टपावरचा आवाज थांबेचना. भावना कशीबशी कामावर पोचली. अर्धे लोक आलेच नव्हते. उन्मेष ठाण्याला गेला होता, तिकडेच अडकला. जेवणाच्या सुमारास पुलावरचा फोन आला. धोक्याची खूण ओलांडली होती. तिने नऊ दाबलं आणि सवयीने लगेच स्वतः पुलाला फोन लावला. यावेळी पातळी आणखी वर होती. तिने हेडफोन काढला, पाणी प्यायली, पुन्हा लावला. आकडा पुन्हा चढलेला.

जलपर्णी अडकली की आकडा एकदम उडी मारतो आणि तिथेच बसतो, हे तिला माहीत होतं. हा आकडा बसत नव्हता. दर फोनला हातभर चढत होता. मागच्या तीन पावसाळ्यांत नदी जिथवर कधी आली नव्हती, तिथून ती पुढे निघाली होती. वर पुलापाशी जे पाणी आत्ता होतं, ते थोड्या वेळात पंपहाऊसच्या पायऱ्यांवर येणार होतं.

तिने मॅनेजरना कळवलं. कारखान्याच्या फाटकातून पाणी आत येत होतं, रसायनांची पिंपं वर चढवायची धावपळ होती. "टिपणीसांना निघायला सांगा," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

तिने पंपहाऊसचा नंबर लावला. दोन घंटा झाल्या आणि उचलला गेला. मागे पाण्याचा आणि साखळीच्या कप्पीचा खडखडाट ऐकू येत होता. दिनानाथ मोटारी उचलत होता.

"नमस्कार," ती म्हणाली. सतरा वर्षं प्रत्येक फोनवर तिच्या तोंडून पहिला शब्द तोच निघत आला होता. आकडा आधी सांगितला की काकांना लगेच उमज पडेल, या विचाराने तिने पुढे म्हटलं, "नदीची पातळी—"

कानात एक लांब टूं वाजलं. नऊचं बटण. मग रिसीव्हर आपटल्याचा आवाज.

क्षणभर तिला कळलंच नाही काय झालं. मग कळलं, काकांनी तिला मशीन समजून नऊ दाबलं होतं. तिने पुन्हा नंबर लावला. लाइन लागेना, पुलावरचं यंत्र त्याच वेळी पंपहाऊसला फोन करत होतं. पुन्हा लावला. यावेळी उचलल्याचा खट्ट झाला आणि ती काही बोलायच्या आत टूं वाजलं. त्याने रिसीव्हर कानाला लावलाच नव्हता. "काका, मी भावना," ती म्हणाली, "काका, मी बोलतेय, खरी मी." तोवर लाइन बंद होती.

मग तिने शिकवलेलं सगळं सोडून दिलं. तिसऱ्या वेळी ती फोन वाजत असतानाच ओरडत होती, "काका, काका," आणि बाजूच्या खोलीतले लोक धावत आले. घंटा वाजत राहिली. कुणी उचलला नाही. तिने बदलापूरला घरी फोन केला. वृंदाकाकू म्हणाल्या, "नाही ग, आले नाहीत अजून. तू पंपहाऊसला लाव ना." तिने परत पंपहाऊसला लावला. मग पुलाला. पुलावरच्या तिच्या आवाजाने शांतपणे म्हटलं, "नमस्कार. नदीची पातळी आठ दशांश," आणि पुढचा अंक आलाच नाही. लाइनवर नुसती खरखर उरली, मग तीही गेली.

पाणी ओसरल्यावर दिनानाथ टिपणीस खालच्या अंगाला, बाभळीच्या झाडीत सापडला.

भावना त्यानंतर बरेच दिवस कामावर गेली नाही. गयाबाई तिच्याजवळ बसून राहायची, डोक्याला तेल लावायची, काही विचारायची नाही. खाली शिलाई मशीनं पुन्हा सुरू झाली, चिखल झालेल्या कपड्याचे गठ्ठे धुऊन वाळत पडले. एका संध्याकाळी तिने वडिलांना सगळं सांगितलं, नमस्कारापासून.

किसन म्हातारा झाला होता, त्याला कमी ऐकू यायचं. तिचं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "गिरणीत धोक्याचा भोंगा होता. वाजला की बाहेर पडायचं. पण तो कधीपण वाजायचा, वाफ वाढली तरी वाजायचा. आम्ही भोंग्याकडे लक्ष द्यायचो नाही. शेजारी साच्यावर काम करणाऱ्या माणसाकडे बघायचो. तो हलला की हलायचं."

"त्यांच्या शेजारी कुणी नव्हतं, बाबा."

"तू होतीस ना."

"मी होते. पण मी मशीनसारखी बोलले."

किसन म्हणाला, "त्यांच्या घरी जाऊन ये. मी येतो बरोबर."

बदलापूरच्या घराला अजून गाळाचा वास होता. वृंदाकाकूंनी भावनाचा हात धरून खुर्चीपर्यंत नेलं. राजसीने पाणी आणून दिलं आणि दारात उभी राहिली. तिच्या बांगड्यांचा आवाज तिथून हलला नाही. भावनाने सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. पहिल्या फोनला आपण आकडा आधी सांगायला गेलो आणि नाव नंतर, हेही सांगितलं.

मग वृंदाकाकू म्हणाल्या, "ते घरी तुझी नक्कल करायचे. मी चहा दिला की म्हणायचे, ऐकलं असेल तर नऊ दाबा." त्यांनी आपली खुर्ची जवळ ओढली. "मोटारी सोडून ते निघाले असते का, मला नाही माहीत. तू ओरडली असतीस तरी कदाचित म्हणाले असते, आलोच, एवढी एक उचलतो. पण मी तुला असं नाही म्हणणार, की तुझं काही नाही. तसं म्हटलं तर तुलाच पटणार नाही."

"नाही पटणार, काकू."

"मग राहू दे. येत जा मात्र."

निघताना राजसीने पहिल्यांदा तोंड उघडलं. कारखान्यात चौकशी लागली होती, ते तिला कळलं होतं. "ते म्हणतात, बाबांना सूचना मिळाली होती. त्यांनी मुद्दाम ऐकलं नाही. तुम्हाला कुणी विचारलं का?"

भावनाला कुणी विचारलं नव्हतं.

चिखलातून काढलेल्या पेटीतलं यंत्र मेलेलं असलं तरी त्यातल्या नोंदी जिवंत निघाल्या होत्या. उन्मेषने त्या कॉम्प्युटरवर घेतल्या. यंत्राने पंपहाऊसला किती वाजता फोन केला आणि कधी नऊ दाबलं गेलं, सगळं त्यात होतं. चौकशी करणारे कामगार अधिकारी शंकरराव हे वाईट माणूस नव्हते. त्यांच्यापुढे कागद होता आणि कागद सांगत होता, की धोक्याचा निरोप कर्मचाऱ्याला वारंवार पोचला, त्याने तो स्वीकारला, तरीही जागा सोडली नाही. तसंच ते लिहिणार होते. भावनाने बोर्डावरून केलेले फोन त्या नोंदीत नव्हते. यंत्राला फक्त यंत्राचेच फोन माहीत होते. ती बोलली नसती तर ते कुणालाच कळलं नसतं.

चौकशीच्या दिवशी भावना मागे जाऊन बसली होती; मदतनीस सोमाला आधी बोलावलं होतं. दिनानाथने त्याला बायकोमुलांना वर नेण्यासाठी दुपारीच घरी पिटाळलं होतं, म्हणून तो वाचला. सोमा खालच्या मानेने बोलत असावा, त्याचा आवाज जमिनीवरून येत होता. "मी निघालो तेव्हा काकांनी फोन उचलला, नऊ दाबला. म्हणाले, बाई आज फारच बोलतेय. मला म्हणाले, तू जा, मी एवढ्या मोटारी उचलून येतो."

मग भावना उठली. तिला कुणी नाव घेऊन बोलावलं नव्हतं.

"साहेब, तो फोन माझा असू शकेल," ती म्हणाली. "मी त्यांना फोन केले होते. मशीनने नाही, मी. माझ्याही कानात त्यांनी नऊ दाबलं. त्यांना ते कळायला मार्ग नव्हता. आवाज एकच होता, शब्दही तेच होते. तीन वर्षं त्या आवाजाने त्यांना पूर नसताना पूर सांगितला. नऊ दाबणं म्हणजे ऐकणं, असं आपण धरून चाललो. ते नुसतं फोन बंद करायचं बटण झालं होतं. हे आम्हा दोघांना माहीत होतं. उन्मेष साहेबांनाही माहीत होतं. आम्ही त्यावर हसायचो."

खोलीत पंखा फिरत होता. उन्मेष खुर्चीत हलला, तिने ऐकलं.

"बाई, तुम्ही हे स्वतःवर ओढवून घेताय," शंकरराव सावकाश म्हणाले.

"घेते साहेब. पण त्यांनी ऐकलं आणि मानलं नाही, असं लिहू नका. त्यांना कुणी सांगितलंच नाही. मला सांगता आलं नाही."

मग उन्मेष म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं. जाळी बदलायची राहिली होती. ते माझं काम होतं." तेवढंच म्हणाला. पुढे काही महिने तो भावनाशी कामापलीकडे बोलला नाही. मॅनेजर तर तिच्या बोर्डासमोरून न बोलता जायचे, पावलं जोरात टाकत. ती ते ऐकून घ्यायची.

चौकशीच्या कागदात शेवटी ते वाक्य आलं नाही. कर्तव्यावर असताना मृत्यू, एवढंच आलं. टिपणीसांच्या घरी त्याने काय बदललं हे सांगणं कठीण आहे. माणूस परत आला नाही. पण राजसीने तो कागद तिच्या आजीला मोठ्याने वाचून दाखवला, आणि वाचताना तिला कुठे थांबावं लागलं नाही, असं वृंदाकाकूंनी भावनाला फोनवर सांगितलं.

दिवाळीनंतर कारखान्याने पुलाजवळ पुन्हा खोली बांधली, आधीपेक्षा उंचावर. नवं यंत्र आलं, नवा मोडेम आला. उन्मेष पुन्हा माइक घेऊन भावनाकडे आला. आता चिपमध्ये जागा भरपूर होती, शंभरपर्यंतचे आकडे बसले असते. तो दारात उभा राहिला, आत येईना.

"अंक देते," भावना म्हणाली. "नमस्कार देणार नाही. आणि हे यंत्र पंपहाऊसला फोन करणार नाही. ते मला करेल. रात्रपाळीला बोर्डावर जो असेल त्याला करेल. तिथून पुढे माणूस माणसाला सांगेल."

"माणूसही चुकतो, भावनाताई."

"चुकतो. मी चुकले. पण चुकल्याचं मला त्याच क्षणी कळलं. मशीनला अजून कळलेलं नाही."

उन्मेषने ते वर मांडलं. साध्या बदलाला महिना लागला, पण झाला. भावनाने स्वतःपुरता एक नियमही केला, तो कुठे लिहिलेला नव्हता. पंपहाऊसला फोन केला की आधी काही सांगायचं नाही, आधी विचारायचं. असं काहीतरी विचारायचं, की ज्याचं उत्तर बटणाने देता येणार नाही. आणि उत्तर येईपर्यंत पुढे जायचं नाही. नव्याने लागलेल्या ऑपरेटर मुलींनाही ती हेच सांगायची. त्यांना ते वेळखाऊ वाटायचं.

पंपहाऊसला आता हरिचंद्र होता, बारवी धरणाकडच्या पाड्यावरचा. पुढच्या पावसाळ्यात, श्रावणाच्या तोंडाशी, एका दुपारी पुलावरून फोन आला. भावनाने आपल्याच आवाजातले अंक ऐकले. खूण ओलांडली होती. तिने पुन्हा लावून खात्री केली, आणि पंपहाऊसला फोन केला.

"हरिचंद्र, काय जेवलात आज?"

"आँ?" तो गोंधळला. मागे मोटारींची घरघर होती. "नाय जेवलो अजून, ताई. सुकटीचं कालवण हाय डब्यात."

"आत्ता कुठे उभे आहात?"

"दाराशी. का वो?"

"वरून पाणी येतंय. खूप येतंय. मोटारी बंद करा आणि डबा घेऊन रस्त्यावर या. कुठून वर जाणार, मला सांगा."

"मारुतीच्या देवळामागून."

"मोटारींचं काय करणार?"

"ऱ्हाऊ दे का?"

"राहू दे. मी सांगितलं म्हणून सांगा. वर पोचलात की तिथल्या दुकानातून मला फोन करा. मी दुसरा कुठला फोन घेणार नाही तोवर."

त्याने फोन ठेवला. बोर्डावर दिवे लागत असतील, घंटा होत होत्या. अहमदाबादचं कुणीतरी ताटकळत होतं. शेजारी बसलेल्या शिकाऊ मुलीने विचारलं, "ताई, घेऊ का मी?" भावनाने मान हलवली, नको म्हणून. दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवून ती हेडफोनमधल्या घंटा एकेक करून ऐकत राहिली. बाहेरची कुठली, आतली कुठली, तिला आवाजावरून कळत होतं. बऱ्याच वेळाने एक बाहेरची आली. तिने कळ दाबली आणि वाट पाहिली.

"पोचलो, ताई," हरिचंद्र म्हणाला. त्याला धाप लागली होती. "पायऱ्या बुडाल्या बघा. दोन मोटारी ग्येल्या."

"जाऊ दे," ती म्हणाली. "आता जेवा."